रिंगेचं टोक

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मांडणीवरचे पेले एकमेकांवर आपटले, पंखा बंद असून डुलायला लागला आणि मास्तरांच्या कपातला चहा बशीत आला. सात-आठ सेकंदांचाच काय तो प्रकार. पण तेवढ्यात चारही मजल्यांवरची बिऱ्हाडं जिन्यात एकमेकांना रेटत होती. एक गृहस्थ दाढीच्या फेसासकट उतरले. तळमजल्यावरच्या आजींना कुणाचा तरी धक्का लागला आणि त्यांचा पाय मुरगळला. भूकंपानं त्यांना काहीच केलं नव्हतं, जे केलं ते आपल्याच माणसांनी केलं.

मास्तर नातीला कडेवर घेऊन खाली आले, तेव्हा त्यांची लेक शेजाऱ्यांना धीर देत होती.

"घाबरता कशाला? या इमारतीची सळई माझ्या बाबांनी बांधलीय. त्यांच्या हातचं काम आहे, काही होत नाही."

सगळ्यांनी मास्तरांकडे कौतुकानं पाहिलं. मास्तरांनी मान डोलावली. आपण खोटेपणा करतोय असं त्यांना त्या वेळी अजिबात वाटलं नाही, हे आपण लक्षात ठेवलेलं बरं.

त्यांना सगळे रिंगमास्तर म्हणत. सर्कशीतले नव्हेत, बांधकामावरचे. इमारतीच्या खांबात ज्या उभ्या सळ्या असतात, त्यांना ठरावीक अंतरावर चौकोनी कड्यांनी आवळून बांधावं लागतं. या कड्या म्हणजे रिंगा. बारीक सळई चार ठिकाणी वाकवायची आणि दोन्ही टोकं एका कोपऱ्यात आणून वळवायची. मास्तर दिवसाला चारशे रिंगा काढत. तीस वर्षांत त्यांच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं आणि त्याचा त्यांना तोरा होता. थोडा जास्तच होता.

त्या दिवशी नव्या शाळेच्या तळमजल्याचे बारा खांब भरायचे होते. काँक्रीटची गाडी साडेअकराला येणार होती. साइटवर पोचले तर तिथेही सकाळच्या धक्क्याचीच चर्चा. जो तो फोनमध्ये डोकं घालून बसलेला. संध्याकाळी सव्वासहाला याहून मोठा धक्का बसणार, असा निरोप सगळीकडे फिरत होता, खाली 'शास्त्रज्ञांचा इशारा' असंही लिहिलेलं. ठेकेदार मात्र खुशीत होते. त्यांचं म्हणणं, लहान धक्का येऊन गेला हे चांगलंच झालं, जमिनीतला ताण निघून गेला, आता पन्नास वर्षं चिंता नको.

सोमवारीच रुजू झालेली इंजिनिअरबाई हातात बॅटरी घेऊन एकेका खांबाच्या साच्यात डोकावत होती. वय असेल चोवीस-पंचवीस. ती परत आली आणि शांतपणे म्हणाली की बारापैकी एकही खांब आज भरता येणार नाही.

ठेकेदारांचा आवाज चढला. तिनं कारण सांगितलं, रिंगांची टोकं नुसती काटकोनात वळवली आहेत. नकाशात ती काटकोनाच्या पुढे, तिरकी, थेट खांबाच्या गाभ्यात वळवायला सांगितली आहेत.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तिला ऐकवलं की तिच्या वयाइतकी वर्षं ते रिंगा काढतायत आणि त्यांची एकही इमारत आजवर पडलेली नाही.

"काका, तुमच्या इमारतींना आजवर कुणी हलवून बघितलंय का?" तिनं विचारलं.

सकाळचे पेले मास्तरांच्या कानात वाजले.

मग ती सिमेंटच्या गोणीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली. आपल्या पायाखालची जमीन अखंड नाही. खडकांचे प्रचंड मोठे तुकडे आहेत आणि आपली नखं वाढतात तेवढ्या वेगानं ते सरकत असतात. कडांपाशी ते एकमेकांत अडकतात. सरकायचं तर आहे, पण सरकता येत नाही. ताण साठत जातो, वर्षानुवर्षं, आणि एक दिवस अडकलेला भाग सुटतो. तो हिसका लाटांसारखा चारी दिशांना पसरतो. छोट्या धक्क्यानं हा ताण संपत नाही, कारण भूकंपाच्या मापावर एक अंक वर गेला की बाहेर पडणारी शक्ती तीसेक पटींनी वाढते. सकाळच्या धक्क्यानं निघालं असेल ते चमच्याएवढं, आत हंडा भरलेला आहे की रिकामा, ते कुणालाच ठाऊक नाही. आणि सव्वासहाची वेळ सांगणारा तर शुद्ध थापा मारतोय, कारण भूकंपाची तारीख-वेळ सांगण्याची विद्या अजून जगात कुणाकडेही नाही.

"मग करायचं काय माणसानं?" ठेकेदार वैतागून म्हणाले.

"वेळ कळत नाही, म्हणून तयारी आधी करायची. जमीन हलणं आपल्या हातात नाही. हे टोक आपल्या हातात आहे."

मास्तरांनी अजून माघार घेतली नव्हती. बोटभर टोकानं असा काय फरक पडतो, ते दाखवा म्हणाले. तिनं त्यांनाच दोन रिंगा काढायला सांगितल्या. एक रोजच्यासारखी, एक नकाशाप्रमाणे. दुसरी काढताना मास्तरांच्या मनगटाला जुनी सवय आठवली. त्यांच्या उस्तादानं त्यांना अशीच रिंग शिकवली होती, टोक आत. पण त्याला एक हिसका जास्त लागतो, सळ्या बांधताना टोक हाताला बोचतं, काँक्रीट बसवायच्या मशीनची नळी त्यात अडकते. सगळेच कुरकुर करायचे. म्हणून कधीतरी त्यांनी ते सोडून दिलं होतं. नक्की कधी, ते त्यांना आठवेना.

दोन्ही रिंगांच्या कोपऱ्यांत सळ्यांचे तुकडे उभे केले, मधे फळ्या ठेवल्या आणि फळ्यांच्या मधे पाचर. हातोडा मास्तरांनी स्वतः घेतला. रोजच्या रिंगेच्या पाचरीवर चौथा घाव बसला आणि टोक सुटलं, रिंग उघडली, सळ्या खडखडत जमिनीवर पडल्या. दुसऱ्या रिंगेवर त्यांनी दहा घाव घातले. मग आणखी पाच. ती ताणली, वाकडी झाली, पण सुटली नाही.

इंजिनिअरबाईनं हळू आवाजात बाकीचं सांगितलं. मोठ्या भूकंपात खांबाचा बाहेरचा थर गळून पडतो. टोक त्या थरात असेल तर मोकळं होतं, आणि गाभ्यात असेल तर आतलं काँक्रीट त्याला धरून ठेवतं. रिंग सुटली की उभ्या सळ्या फुगून बाहेर येतात, आतल्या काँक्रीटचा चुरा होतो आणि वरचे मजले खाली बसतात.

मास्तर ऐकत नव्हते. त्यांना जमिनीवर पडलेल्या सळ्या दिसत होत्या आणि त्यांच्या वर चार मजले, दुसऱ्या मजल्यावर लेक, पाळण्यात नात. त्या इमारतीतली एकूण एक रिंग त्यांनी काढली होती. माझ्या बाबांच्या हातचं काम आहे, असं ती सकाळी म्हणाली होती!

तेवढ्यात फाटकातून काँक्रीटची गाडी आत आली. तिचं पोट गरगर फिरत होतं आणि ठेकेदार हातवारे करून तिला पुढे बोलावत होते. एक खांब भरला असता की आतलं पुन्हा कुणाला दिसलं नसतं. मास्तर गाडीसमोर जाऊन उभे राहिले.

"मी बांधलंय, मीच सोडणार. तोवर एक घमेलंही ओतू देणार नाही."

ठेकेदार वाट्टेल ते बोलले. कामावरून काढायची धमकीही दिली. इंजिनिअरबाईनं सही करायला नकार दिला, मास्तरांच्या हाताखालच्या सहाही जणांनी हातातली हत्यारं खाली ठेवली आणि गाडी आली तशी परत गेली. साचे उघडले. मास्तर पहिल्या खांबापासून रिंगा आवळलेल्या तारा तोडायला लागले, दुपारचा डबाही त्यांनी उघडला नाही.

संध्याकाळी ते इंजिनिअरबाईला बरोबर घेऊन घरी आले, तर सगळी इमारत खाली अंगणात. सव्वासहाचा निरोप इथेही पोचला होता. लोकांनी सतरंज्या टाकल्या होत्या, पायाला पट्टी बांधलेल्या आजींना खुर्ची दिली होती. सहा वाजून सतरा मिनिटं झाली, वीस झाली. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले आणि सतरंज्या गुंडाळायला लागले.

"जरा थांबा," मास्तर म्हणाले.

गाड्या लावतात तिथल्या एका खांबापाशी ते बसले. इंजिनिअरबाईनं खडूनं तळहाताएवढी जागा आखून दिली, त्याबाहेर जायचं नाही म्हणून बजावलं. मास्तरांनी छिन्नी लावली. गिलावा निघाला, त्यामागचं काँक्रीट निघालं. छिन्नी चालवताना ते मनात म्हणत होते, एखादी तरी आत वळवलेली निघू दे. रिंग दिसली. तिचं टोक काटकोनात वळून बाहेरच्या थरातच पडलेलं होतं.

मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं. काहीही न लपवता, चूक कुणाची आहे तेही. सकाळी दाढीच्या फेसासकट उतरलेले गृहस्थ भडकले, आमच्या जिवाशी खेळलात म्हणाले, आणि ते चूक म्हणत नव्हते. इंजिनिअरबाईनं समजावलं की इमारत आपोआप पडणार नाही, पण ती तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी लागेल. गरज असेल तिथे जुन्या खांबांभोवती नव्या सळ्या, नव्या रिंगा आणि काँक्रीटचं कवच चढवता येतं. आणि तोवर जमीन हललीच, तर जिन्याकडे धावू नका, मजबूत टेबलाखाली बसा, डोकं सांभाळा, हलणं थांबलं की मगच बाहेर पडा.

लेक खांबातल्या त्या भोकाकडे बघत होती.

"बाबा, सकाळी मी सगळ्यांना काय सांगितलं, ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं. म्हणूनच आलो, बाळ."

ती उठून वर गेली. मास्तर खांबाखाली पडलेला चुरा हातानं गोळा करत बसले. बऱ्याच वेळानं ती खाली आली, हातात चहाचे दोन कप होते. एक तिनं इंजिनिअरबाईला दिला, एक वडिलांच्या हातात ठेवला आणि तिथेच त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

पुढे तपासणी झाली. खांबांना कवच चढवायचं ठरलं आणि रिंगा काढायला मास्तरच बसले, सुटीच्या दिवशी, अंगणात. दर रिंगेला एक हिसका जास्त. संध्याकाळी मनगट सुजायचं, तर लेक शेकून द्यायची. चौथ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड यायचं होतं. त्या बाईंनी लेकीला विचारलं, इमारत पक्की आहे ना हो?

"माझ्या बाबांच्या हातची आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तपासून घेतली."

वाचकहो, भूकंप कधी येणार हे विचारत आपण दिवसभर फोन चाळतो, आणि ज्या खांबांवर आपली मुलंबाळं झोपतात त्यांच्या आत काय आहे हे आयुष्यात एकदाही विचारत नाही. पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही. दुसऱ्याला आहे. घर बांधत असाल तर काँक्रीट पडायच्या आधी खांबात डोकावून बघा, बांधून झालेलं असेल तर जाणकाराला दाखवा. आणि चूक आपल्याच हातून झाली असेल, तर जमिनीनं ती उघडी पाडायच्या आत आपण सांगून टाकावी.