दवाखान्यावरचा मंगळ

दुपारचे तीन वाजलेले, खिडक्यांबाहेर रणरणतं ऊन, डोक्यावर सिमेंटचं छत. आणि ग्रहगुरूंनी शनी दाखवला! सभागृहातली शंभरेक माणसं एकदम "आई गं!" म्हणाली. गुरूंच्या हातातल्या पितळी पेटीच्या काचेत शनी कड्यासकट निवांत लटकला होता.

"रात्री तारे कोणीही बघेल हो," गुरू गरजले. "वटवाघूळसुद्धा बघेल! हे यंत्र भिंत भेदून बघतं, ऊन भेदून बघतं, आणि कोणता ग्रह कोणाच्या वाटेत ठाण मांडून बसलाय तेही सांगतं."

शंका घ्यायला जागा नव्हती. आठवड्यापूर्वी पोस्टमनने संध्याकाळी गच्चीवर जाऊन पडताळा घेतला होता. यंत्राने सांगितलं तिथेच ग्रह होता. तेव्हापासून तो पहिल्या रांगेत बसायचा, तो ग्रह आपणच तिथे टांगल्यासारखा.

तिसऱ्या रांगेत टेलरताई जळफळत होती. दुकान उघडं टाकून ती वडिलांच्या, अण्णांच्या, मागे आली होती. अण्णांच्या पित्ताशयात खडे होते. तीनदा ते वेदनेने गडाबडा लोळले होते. सर्जनबाईंनी उद्या सकाळचं ऑपरेशन ठरवलं होतं आणि "आता थांबाल तर जिवावर बेतेल," असं बजावलंही होतं. पण गुरूंना दवाखान्यावर मंगळ दिसला होता. सहा महिने थांबायचा हुकूम सुटला. अण्णा म्हणजे जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. झाकण उघडल्याशिवाय त्याने कधी कुठल्या घड्याळाला दोष दिला नव्हता. तोच आता बंद पेटीपुढे हात जोडून उभा होता.

"शेवटचं बघून घ्या, अण्णा," गुरूंनी पेटी पूर्वेच्या खिडकीकडे, दवाखान्याच्या रोखाने धरली. "तांबडालाल! सुरीची वाटच बघतोय."

"मला नाही दिसत नीट," म्हणत टेलरताईने पुढे येऊन पेटीला हात घातला.

मंगळ हलला. सरकत सरकत काचेबाहेर गेला. गुरू त्याच्यामागे गर्रकन वळले, पुन्हा वळले, आणि शेवटी तो संडासाच्या दारावर सापडला.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"ग्रह कोपला! हात काढ, बाई!"

तिने हात काढला. मंगळ मुकाट्याने दवाखान्यावर परतला. हात नेला, पुन्हा संडासाकडे. टेलरताईने मनगटाकडे पाहिलं. टाचण्या चिकटवून ठेवायचा लोहचुंबकाचा पट्टा घाईत तसाच राहिला होता.

"अण्णा, एवढा मोठा मंगळ माझ्या चुंबकाला घाबरतो होय? आत होकायंत्र आहे!" तिने खिशातला रुमाल पेटीच्या मागच्या भिंगावर बांधला. मंगळ जागच्या जागी.

"म्हटलं ना, भेदून बघतं!" गुरू चटकन बोलले.

"मग चुंबकाने पळतो कसा?"

गुरूंनी पेटी छातीशी धरली. अण्णांनी खिशातून बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला. "द्या इकडे."

चार स्क्रू निघाले. आत मोबाइल होता.

"हे तर माझ्या मुलीच्या फोनवरही आहे," पोस्टमन पुटपुटला. "तारे ओळखायचं ॲप."

अण्णांनी चष्मा सारखा केला. "यात वेळ आहे, आपण कुठे उभे आहोत ते आहे, आणि पेटीचा रोख कळतो. तेवढ्यावर हिशोब करून हे चित्र काढतं. आकाशाकडे बघतच नाही. भिंतीवरचं घड्याळ काय सूर्याकडे बघून तीन वाजवतं?"

"पण मंगळ तिथे होता, हे खरंच की!" पोस्टमनला राहवेना.

"होताच," टेलरताई म्हणाली. "पण दवाखान्यापलीकडे राहणाऱ्यांना विचारा. त्यांना दवाखाना पश्चिमेला पडतो, त्यावर हा पूर्वेचा मंगळ दिसतच नाही. मग तो नक्की कोणाच्या ऑपरेशनच्या आड येतोय?"

"यंत्राला विश्रांती हवी," असं काहीसं म्हणत गुरू पेटी उचलून मागच्या दाराने सटकले. पेटीचं झाकण अण्णांच्याच हातात राहिलं. त्यांनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. "उद्या येतो, बाई. उपाशीपोटी." मग लेकीकडे न बघता म्हणाले, "चल. तुझं दुकान उघडं पडलंय."

ऑपरेशन झालं. अकरा खडे निघाले, त्यांतला एकही मंगळावरचा नव्हता.

ते ॲप मात्र झकास आहे. संध्याकाळी गच्चीवर न्या, ग्रह ओळखा, पोरांना दाखवा. पोटात दुखलं तर डॉक्टरांकडे जा. आणि कोणी चमत्कार दाखवलाच तर टाळ्या पिटण्याआधी एकच विचारा: "कसं?"