कोरा पत्रा

बारक्या पेंटरचं पोट इतकं सुटलं होतं, की शिडी चढताना आधी पोट वरच्या पायरीला पोचायचं आणि मागून बारक्या. पण थोरल्या बहिणीने लहानपणी ठेवलेलं नाव ते, सुटतंय कसलं! गावात त्याने खोडी काढली नाही असं घर नव्हतं. ज्यांच्या काढल्या होत्या तेच आता आपल्या पोरांना त्या रंगवून सांगायचे.

धंदा मात्र झकास चालला होता. का, तर देशाची जागाच तशी. एका अंगाला डोंगर, त्यापलीकडे एक आडदांड देश. दुसऱ्या अंगाला नदी, तिच्यापलीकडे दुसरा आडदांड देश. लोक सरळ त्यांना डोंगरवाले आणि नदीवाले म्हणायचे. दोघांनाही मधल्या या चिमुकल्या देशाचा भलताच पुळका. डोंगरवाल्यांनी शाळेला बाकं दिली, की नदीवाले काळे फळे देणार. नदीवाल्यांनी बसथांबा बांधला, की डोंगरवाले त्याच्यापुढे बस आणून उभी करणार. आणि प्रत्येक भेटीवर बोर्ड हवाच. 'मित्रदेशाकडून सप्रेम.' डोंगरवाल्यांचा तांबडा, नदीवाल्यांचा निळा. कचऱ्याच्या डब्यांवरसुद्धा बोर्ड होते. फक्त बसस्थानकामागच्या मुतारीवर नव्हता. ती कोणी बांधली, हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही.

दोन्हीकडचे बोर्ड बारक्याच रंगवायचा. त्यामुळे कोण काय देणार, हे मंत्र्यांच्या आधी त्याला कळायचं. आणि म्हणूनच दोन्ही वकिलातींची माणसं काम नसतानाही दुकानात डोकवायची. डोंगरवाल्यांचा एक सफारीवाला होता. तो "सहज आलो होतो" म्हणत रंगाच्या डब्यांची झाकणं न्याहाळायचा. नदीवाल्यांच्या एक गॉगलवाल्या बाई होत्या. त्या दुकानात शिरल्यावरही गॉगल काढायच्या नाहीत. तांबडा आणि निळा त्यांना कसा वेगळा दिसायचा देव जाणे, पण दिसायचा.

बारक्या दोघांनाही चहा पाजायचा आणि एकच वाक्य ऐकवायचा, "माझ्या तोंडाला कुलूप आहे."

हे सगळं गमतीत चाललं होतं. पण मग ताईच्या जिवावर बेतलं.

ताई म्हणजे बारक्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून त्याच्याच घरी राहायची आणि त्याच्यावर राज्य करायची. तिची मूत्रपिंडं निकामी झालेली. गावच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावर डायलिसिसची मशिनं होती, तिथे आठवड्यातून तीनदा तिचं रक्त धुऊन निघायचं. मशिनं डोंगरवाल्यांची. फिल्टर डोंगरवाल्यांचे, त्यांच्याच ट्रकमधून येणारे. मशिनं चालवणारा माणूसही डोंगरवाल्यांचा. त्याला सगळे सुईमास्तर म्हणायचे, कारण तो सुई अशी टोचायचा की बोलता बोलता ताईचं वाक्यसुद्धा तुटायचं नाही. सुईमास्तर आणि बारक्या रोज दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात पत्ते खेळायचे. दोघेही लबाड. जिंकायचं कोणीच नाही, पण मजा यायची.

अशात एक दिवस बातमी आली, की सरकार विमानतळ नदीवाल्यांना चालवायला देणार म्हणून बोलणी सुरू आहेत. झालं! लगेच डोंगरातला रस्ता खचला. म्हणजे असं डोंगरवाले म्हणाले. त्याच रस्त्याने कांद्याचे ट्रक येत होते, सिमेंटचे येत होते, फक्त फिल्टरच्या ट्रकखालीच तो खचायचा.

ताईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदाचं दोनदा झालं. मग मोठे डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून एकदाच.

"बारक्या, माझे पाय बघ," ताई म्हणाली. तिला धाप लागत होती. "अगदी तुझ्यासारखे दिसायला लागलेत."

बारक्याने पाय बघितले. बोट दाबलं तर खड्डा पडत होता आणि भरून यायला वेळ घेत होता.

तो आधी गॉगलवाल्या बाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "पेंटरदादा, आमचे फिल्टर त्यांच्या मशिनला बसत नाहीत. त्यांची मशिनं काढा, आम्ही नवी देतो."

"ती काढून नवी बसेपर्यंत माझी बहीण काय करेल?"

"तेवढी कळ काढावी लागेल." बाई फार गोड बोलल्या.

मग तो सफारीवाल्याकडे गेला. सफारीवाला म्हणाला, "पेंटर, रस्ता खचलाय हो. आमच्या हातात काय आहे?"

"विमानतळ तुम्हाला मिळाला तर रस्ता दुरुस्त होईल का?"

सफारीवाला अर्धा चहा तसाच टाकून उठला.

आता हे बोर्डाचं काम कसं असतं, ते सांगायला हवं. आधी पत्रा भिंतीवर ठोकायचा. मग त्याला पांढरं अस्तर मारायचं आणि चांगलं सुकू द्यायचं. अक्षरं नंतर. म्हणजे काही दिवस भिंतीवर नुसता कोरा पांढरा पत्रा दिसतो, आणि बघणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की कोणाचं तरी नाव इथे येणार. या देशात भिंतीवर पत्रा चढला की 'कोणी लावला' असं कोणी विचारत नाही. 'कोणाचा लागतोय' एवढंच विचारतात.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी बारक्याने दवाखान्याच्या भिंतीवर, डायलिसिसच्या खिडकीच्या बरोबर खाली, भलामोठा पत्रा ठोकला आणि त्याला अस्तर मारलं. डोंगरवाल्यांच्या जुन्या बोर्डाच्या दुप्पट. मोठ्या डॉक्टरांना वाटलं मंत्रालयातून हुकूम असेल. मंत्रालयाला वाटलं डॉक्टरांनी परवानगी दिली असेल. वर खिडकीत सुईमास्तर उभा होता. त्याने पत्र्याकडे बघितलं, बारक्याकडे बघितलं, आणि हसू दाबत खिडकी लावून घेतली. इतकी वर्षं पत्ते खेळल्यावर समोरच्याच्या हातात काही नाही हे कळतंच की.

बारक्या दुकानात येऊन निळ्या रंगाचा डबा ढवळत बसला. सफारीवाला आलाच.

"सहज आलो होतो. दवाखान्यावर कोणाचा लागतोय?"

"माझ्या तोंडाला कुलूप आहे, साहेब."

"एवढा मोठा?"

"मी कुठे काय बोललो?" बारक्याने घाईघाईने डब्यावर झाकण ठेवलं. अंगठ्याला निळा लागेल इतपत घाईने.

सफारीवाल्याने तो अंगठा बघितला. चहा न घेताच गेला.

त्याच आठवड्यात डोंगरातला रस्ता असा काही ठणठणीत झाला, की फिल्टरचा ट्रक गाणी लावून आला. ताईचं पुन्हा तीनदा सुरू झालं. आणि ट्रक बघून बाईंचा जीव वर-खाली. आता पत्र्यावर तांबडी अक्षरं येणार असं त्यांना वाटलं. त्यांनी ताबडतोब दवाखान्याला नव्या खाटा पाठवल्या. पत्रा आपला कोराच.

"अस्तर अजून सुकलं नाही," बारक्या दोघांनाही सांगायचा. "हवा दमट आहे."

ताई मशिनवर पडल्या पडल्या हसायची. "बारक्या, तुझ्या आयुष्यात पहिल्यांदाच तुझा काहीतरी उपयोग झाला बघ."

पण संशय ही चीज अशी, की एकदा सोडली की ती मालकाचं ऐकत नाही. डोंगरवाल्यांच्या वकिलातीत प्रश्न निघाला. आपला माणूस त्या खिडकीत बसतो, तिच्याखाली शत्रूचा बोर्ड चढतो, आणि हा कळवत नाही? का नाही कळवलं? सुईमास्तरला परत बोलावल्याचा हुकूम आला. शनिवारी सामानासकट निघायचं.

व्हरांड्यात पत्ते तसेच पडून होते. सुईमास्तर म्हणाला, "तिकडे गेलो की मला एका खोलीत बसवतील आणि तेच तेच विचारत राहतील. मी काय सांगू? की पेंटरची खोडी होती?"

बारक्या म्हणाला, "सांग. तुझी सुटका होईल."

"आणि तुझी? फिल्टर पुन्हा बंद झाले की ताईंची?" तो पानं गोळा करायला लागला. "तू ना बारक्या, खोडी काढताना पुढचं बघत नाहीस."

ताईला कळलं तेव्हा तिने बारक्याला असं झापलं, की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पांघरुणात शिरला. "ज्या हाताने मी जगतेय तो हात तू तोडलास! नवा कोणी येईल आणि मला उशीसारखं टोचत बसेल. निस्तर आता!"

बारक्या रात्रंदिवस डोकं खाजवत राहिला आणि शुक्रवारी सकाळी कामाला लागला. सुईमास्तरच्या खोलीच्या दारावर त्याने एक छोटी पाटी ठोकली. पांढरं अस्तर, भोवती बारीक निळी रेघ, मधे कोरं. मग वकिलातीसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. सफारीवाल्याला बघून दचकल्यासारखं केलं. तो हटकून जवळ आला.

"काय पेंटर, आज इकडे?"

"काही नाही साहेब. पाटीचं काम होतं, दवाखान्यात. घाईचं. शनिवारच्या आत हवीय म्हणाल्या."

"कोण म्हणाल्या?"

बारक्याने जीभ चावली. नाटकात चावतात तशी नाही, अगदी खरी. थोडं रक्तही आलं. "माझ्या तोंडाला…"

"कुलूप आहे, माहितेय. कोणाच्या दारावर पाटी?"

"मास्तरांच्या. ते चाललेत ना? मग खोली रिकामी होणार. बाई फार खूश होत्या. म्हणत होत्या, बरं झालं, वर्षभर हा माणूस आमच्या आड येत होता."

सफारीवाल्याचा कप हवेतच राहिला. त्याच्या डोळ्यांत हिशेब चाललेला बारक्याला चक्क दिसत होता. बाई खूश, म्हणजे वाईट. वाईट, म्हणजे हा माणूस गेला तर त्यांचा फायदा. म्हणजे हा माणूस आपला. आपलाच!

संध्याकाळी हुकूम रद्द झाला. वर मास्तरला बढतीही मिळाली.

इथे गोष्ट संपली असती तर बारक्या सुखाने आणखी जाड झाला असता. पण पावसाळ्यानंतर पुन्हा कसली तरी बोलणी निघाली, या वेळी नदीवरच्या बंदराची. पुन्हा रस्ता खचला. बारक्याला काही सुचेना. दवाखान्यावर पत्रा आधीच होता, त्याला कोणी भीक घालेना. फिल्टर संपत आले. ताईच्या पायावर पुन्हा खड्डे पडायला लागले.

आणि एक दिवस बारक्या दुकानातून जेवायला घरी आला तर काय! त्याच्याच घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर पत्रा. मोठ्ठा. पांढराशुभ्र. कोरा.

बारक्या रस्त्यातच उभा राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींवर ठोकले, पण आपल्याच भिंतीवर कोणाचं तरी नाव येणार हे बघणं वेगळं. कोणी लावला? नाही, कोणाचा लागतोय? सफारीवाल्याचा? मग आपल्याला तांबड्यांचा माणूस ठरवतील. बाईंचा? मग निळ्यांचा. समोरचा शिंपी दुकानातून टक लावून बघत होता. आणि हा एवढा का बघतोय?

तेवढ्यात सफारीवाला आला. "तुमच्या घरावर, पेंटर? तुमच्यासुद्धा?"

"साहेब, शपथेवर सांगतो, मला माहीत नाही."

"कुलूप, ना?" सफारीवाला कडवट हसला. त्याच्या मागोमाग गल्लीच्या तोंडाशी बाईंची गाडी थांबली. या खेपेला बाईंनी गॉगल काढला होता. त्यांचे डोळे बारक्याने पहिल्यांदाच बघितले, आणि बघून बरं वाटलं नाही. पहिल्यांदाच तो खरं बोलत होता आणि पहिल्यांदाच कोणाचाही विश्वास बसत नव्हता.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी फिल्टरचा ट्रक आला. ताईची मशिनवरची पाळी लागली. तिच्या चपला खाटेखाली सरकवताना बारक्याला डाव्या चपलेवर पांढरे थेंब दिसले.

"ताई, हे काय?"

"चप्पल."

"चपलेवर अस्तर आहे."

"मग?" ताई बिलकूल वरमली नाही. "रस्ता खचलेला, फिल्टर संपत आलेले, आणि तू नुसता हातावर हात ठेवून बसलेलास. म्हटलं, खोड्या तुला शिकवल्या कोणी? खालचा भाग मी मारला. वरचा मास्तरांनी, शिडीवर चढून."

"मला सांगायचं तरी!"

"तुला सांगितलं असतं तर तू नाटक केलं असतंस. तुझं नाटक आता सगळ्यांना कळतं. घाबरलेला बारक्या कोणी बघितला नव्हता, म्हणून खपला. निळा लागतोय समजून डोंगरवाल्यांनी ट्रक सोडला."

बारक्या हसला. खूप हसला. आधी सुटका झाल्यासारखा आणि मग अभिमानाने. सुईमास्तर ताईला मशिन लावून बाहेर आला आणि दोघे व्हरांड्यात पत्ते घेऊन बसले.

पानं पिसता पिसता बारक्याचे हात मंदावले. दुकानातला अस्तराचा डबा त्याने सकाळीच उघडला होता. दुकानात होता तो एकच, आणि तोवर सीलबंद.

"मास्तर, अस्तर कुठून आणलंस?"

"मिळालं."

"माझ्या दुकानातलं नाही. या गावात दुसरं दुकान नाही."

आतून ताईचा आवाज येत होता. ती शेजारच्या म्हाताऱ्याला काहीतरी खमंग सांगत होती. मशिन संथपणे घरघरत होतं. सुईमास्तरने बारक्याकडे बघितलं. नेहमीसारखंच, हसू दाबून. ते हसू तेव्हाही असंच होतं का, खिडकीत, पहिल्या पत्र्याच्या वेळी? बारक्याला आठवेना.

"शिडीवर चढायला तुला ताईनेच सांगितलं ना? का कुठल्या वकिलातीने?"

"पानं वाट," सुईमास्तर म्हणाला. "आणि आज खालून वाटू नकोस."

बारक्याने पानं वाटली. वरूनच. उद्याही ताईला सुई याच हाताने टोचायची होती. पण त्या दिवसापासून खेळताना तो स्वतःची पानं कमी आणि मास्तरचे डोळे जास्त बघायला लागला.