मडिवाळप्पानं सांगितलेला सिनेमा

सिंधु गेल्याचं मला दुपारी कळलं. मडिवाळप्पाला सकाळीच कळलं होतं.

मी लातूरच्या कलेक्टर कचेरीत पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर आहे. त्या दिवशी औसा रस्त्याच्या एका वाडीत विहिरीत टँकर रिकामा करत होतो. आमचा शिपाई रेवणसिद्ध सायकलवर आला. उतरला. घागरी घेऊन भांडणाऱ्या बायकांकडंच बघत राहिला.

"काय रे?" मी म्हणालो.

"ग्यानोबा, नांदेडहून फोन आला होता. तवापासून तुला हुडकून राहिलो. कोणी मडिवाळप्पा म्हणून होते."

"काय म्हणले?"

"तुझी बायको वारली म्हणले."

पाइप माझ्या हातात होता. टँकर रिकामा होईपर्यंत मी तो सोडला नाही. मग रेवणसिद्धनं मला एस.टी.त बसवून दिलं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तरी मला रडू आलं नाही. डोक्यात एकच होतं. त्याला आधी कसं कळलं?

सिंधु नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स होती. नवा जिल्हा झाला तेव्हा लातूरच्या कचेरीला ड्रायव्हर पाहिजे होते, माझी बदली झाली. तिची झाली नाही. ती आईजवळ, कोंडाबाईजवळ राहायची. मी सुट्टी मिळेल तसा जायचो. दुष्काळ पडल्यापासून सुट्टी क्वचितच मिळायची. ती कचेरीत फोन करायची. शेवटच्या वेळी म्हणाली, "जरा ताप हाय, दुसरं काही न्हाई." नांदेडला पाणी खराब झालं होतं आणि घरोघर कावीळ होती, हे रेवणसिद्धनं मला पेपरातून वाचून दाखवलं होतं. पण ती नर्स. तिनं ताप म्हटलं, मी ताप समजलो.

दवाखान्याच्या दारात मडिवाळप्पा उभा होता. डोळे सुजलेले, सदरा चुरगळलेला. माझ्यापेक्षा तोच घरचा माणूस वाटत होता. कोंडाबाईनं मला बघून हंबरडा फोडला आणि मग म्हणाली, "जावई, ह्या बाबानं लई धावपळ केली हो. डॉक्टर ह्यानंच आणला, औषध ह्यानंच आणलं. मरताना हाच जवळ होता."

सासू भल्या मनानंच बोलत होती. मला ते चाबकासारखं लागलं.

गोदावरीच्या काठी नेताना तिरडीला पुढून एका बाजूला माझा खांदा होता, दुसऱ्या बाजूला त्याचा. भन्ते त्रिसरण म्हणत होते, माणसं मागून म्हणत होती. त्याला ते येत नव्हतं. तो देगलूरकडचा, गळ्यात लिंग घालणारा. तरी ओठ हलवत होता. माझं लक्ष त्याच्या ओठांवर होतं.

हा माणूस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. नांदेडला तेव्हा एक फिल्म क्लब होता. रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये परदेशी सिनेमे दाखवायचे. पुण्याहून पत्र्याच्या डब्यांतून रिळं यायची. खाली इंग्रजीत ओळी असायच्या. त्या भराभर वाचणं सगळ्यांना जमायचं नाही. म्हणून मडिवाळप्पा पडद्याशेजारी स्टूल टाकून बसायचा आणि वाचून वाचून मराठीत सांगायचा. दवाखान्याचे एक डॉक्टर क्लबात होते, त्यांनी नर्सांना फुकट बसू दिलं. तेव्हापासून सिंधु एकही रविवार चुकवायची नाही.

मी घरी गेलो की ती मला सिनेमा सांगायची. भाकरी थापता थापता. "मडिवाळप्पा सर म्हणले" असं मधे मधे यायचं. मी भाकरी मोडत ऐकायचो. एकदा मी म्हणालो, "सर हाय की रेडिओ?" ती हसली. म्हणाली, "रेडिओच. पण बंद करायचं बटन माझ्याकडं हाय." मला ते आवडलं नाही.

एक सिनेमा तिनं मला परत परत सांगितला. त्याला ती फौजेचा सिनेमा म्हणायची. समुद्रापलीकडचा कुठला तरी देश. तिथं लष्करानं राज्य हातात घेतलेलं. एक शिंपी असतो, तो मजुरांच्या सभेला जातो म्हणून फौज त्याच्या मागं लागते. तो, त्याची बायको आणि दोन मुली एका पावाच्या भट्टीमागच्या खोलीत लपून राहतात. खिडक्यांना आतून फळ्या ठोकलेल्या. मुलींना नवी नावं दिलेली. आई रोज त्यांना मागून अचानक जुन्या नावानं हाक मारते. मुलीनं वळून बघितलं की थोबाडीत देते, आणि मग स्वतःच तोंडात पदर कोंबून रडते. तिकडं पदर नसतो, पण सिंधु पदरच म्हणायची.

"मग एक दिवस फौज येती," सिंधु सांगायची. "दार फोडती. खोलीत नुसत्या चपला राहतात. हॉलमधी सगळ्या बाया रडून राहिल्या. पण मग शेवटच्या रिळात ते सुटतात. आपल्या घरी येतात. सगळ्या खिडक्या उघड्या. आई अंगणात उभी राहून पोरींना त्यांच्या खऱ्या नावानं हाका मारती, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा. सुखानं पोरी लहान दिसायला लागल्या होत्या बघा."

ती हे सांगताना तव्यावरची भाकरी करपायची. ते घर, त्या हाका, मडिवाळप्पाचा आवाज, हे सगळं तिनं बघितलं होतं आणि मी नव्हतो. मला त्या सिनेमातल्या लोकांचाही राग यायचा.

ती गेल्यावर मी परत टँकरवर आलो. उन्हाळा संपत आला तरी विहिरींना पाणी नव्हतं. तेव्हा लातूरला बदलून आलेल्या साहेब लोकांनीही असाच क्लब काढला. कचेरीच्या भिंतीवर कागद लागला. त्यावर फळ्या ठोकलेल्या खिडकीचं चित्र होतं. मी रेवणसिद्धला कागद वाचायला लावला. शिंपी, फौज, पावाची भट्टी. तोच सिनेमा होता.

मी गेलो. मागं बसलो. इथं वाचून सांगायला कोणी नव्हतं, साहेब लोक गुपचूप वाचत होते. मला वाचायची गरज नव्हती. शिंपी दिसला, भट्टी दिसली, थोबाडीत बसली. सगळं सिंधुनं सांगितल्यासारखं. पहिलं रीळ संपलं, दिवे लागले, ऑपरेटर पंढरीनं दुसरं रीळ चढवलं. पडद्यावर उघड्या खिडक्या आल्या. आई अंगणातून हाका मारत होती.

मी उठून ओरडलो, "पंढरी, रीळ चुकलं! हे शेवटचं हाय!"

लोक हसले. एक इंजिनीअर म्हणाले, "टँकरवाले, बसा. इथं पाणी वाटायचं नाही."

पंढरी डबा घेऊन माझ्यापर्यंत आला. "बघ, दोन लिवलंय. मी काय अडाणी हाय का? त्यांना आधीचे दिवस आठवतेत, ते हाय हे."

मी बसलो. मग तिसरं रीळ आलं. फौज आली, दार फोडलं, खोलीत चपला राहिल्या. एक शिपाई भट्टीतला पाव खात बाहेर गेला आणि पडदा पांढरा झाला. कोणी सुटलं नाही.

पुढच्या सुट्टीला मी नांदेडला जाऊन सरळ मडिवाळप्पाच्या घरी गेलो. त्याची बायको पार्वतीबाई गहू निवडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सिस्टरचे मालक व्हय? बसा अण्णा. आमच्या ह्यांना सिनेमा सांगायला सिस्टर लागायच्या. मला लग्नापासून एक सांगितला न्हाई."

"पार्वती, चहा ठेव," मडिवाळप्पा आतून म्हणाला.

"ठेवते. साखर न्हाई, तुमच्या गोड बोलण्यावर भागवा."

ती आत गेली. मी विचारलं, "फौजेच्या सिनेमातली माणसं सुटत नाहीत. तुम्ही माझ्या बायकोला खोटं का सांगितलं?"

तो खाली बघत म्हणाला, "अण्णा, आमच्या ऑपरेटरनं तिसरं रीळ आधी चढवलं. बाया रडत होत्या. मग दुसरं लागलं, पडद्यावर पोरी हसायला लागल्या. खाली लिहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी. मी ते वाचलं. आणि तोंडातून निघालं, सुटले. एकदा निघाल्यावर मागं कसं घेऊ? हॉलमधे टाळ्या पडल्या."

"म्हणजे ती खोट्यावरच गेली."

"न्हाई." आता त्यानं माझ्याकडं बघितलं. "सिस्टर दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजला आल्या. म्हणल्या, सर, लहान पोरीचे पुढचे दात पडले होते. शेवटच्या रिळात दुधाचे दात जागेवर कसे? पडलेले दुधाचे दात परत येत न्हाईत. मी सगळं कबूल केलं. त्या हसल्या, मग रडल्या. म्हणल्या, बायांना सांगू नका. आणि आमच्या मालकांना मी तुमच्यासारखंच सांगणार. ते दिवसभर कोरड्या विहिरी बघतात."

चहा आला. मी कप हातात धरला, प्यायलो नाही.

इतके दिवस मला वाटत होतं, की तिच्यात आणि त्याच्यात काहीतरी होतं. काय ते सापडत नव्हतं. आता सापडलं. खरं त्याच्याकडं होतं. मला भाकरीबरोबर गोड करून दिलेलं मिळालं. कुणी म्हणेल, तिचा जीव तुझ्यावर होता म्हणून तसं दिलं. असेल. पण मला ते नको होतं. मला पाहिजे होतं, की तिनं मला खरं सांगावं आणि त्याला खोटं.

"काविळीचंही तुम्हालाच सांगितलं," मी म्हणालो.

"सांगितलं न्हाई. डोळे पिवळे दिसले, मी विचारलं. मी तुम्हाला फोन लावायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला."

हात धरला, हे तो सहज बोलून गेला. दारात उभ्या पार्वतीबाईनंही ते ऐकलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तिच्या तोंडावर जे होतं तेच माझ्या तोंडावर असणार.

"हात धरला म्हणून थांबलात?" मी म्हणालो.

"थांबलो. चुकलं माझं. रात्री झोपताना रोज वाटतं. अण्णा, तुम्ही मला मारलं तरी चालंल."

मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्याच्या अंगात मारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो तिच्यासाठी माझ्याइतकाच खंगला होता, आणि तेही मला सहन होत नव्हतं. तिच्यासाठी खंगायचा हक्क माझा. मी कप खाली ठेवला आणि उठलो.

पार्वतीबाई फाटकापर्यंत आली. म्हणाली, "परत या अण्णा. तुम्ही आलात तर हे बोलतेत तरी. नाहीतर गप बसून राहतेत." मी मान हलवली. लातूरची गाडी धरली.

कोंडाबाई अजून शेजारणींना सांगते, की त्या सिनेमातली माणसं सुटली. मी तिला काही बोललो नाही. टँकर रोज चालू आहे. मडिवाळप्पाच्या घरी मी त्यानंतर दोनदा गेलो, चहाही प्यायलो. तिच्या शेवटच्या सकाळी तोच एकटा जवळ होता. तेव्हा ती काय बोलली, माझं नाव घेतलं की नाही, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.