उणे चिन्हाचे बटण

माझ्या अंगावरची निम्मी अक्षरे बोटांनी खाऊन टाकली आहेत, मित्रांनो, त्यावरून माझे वय ओळखा. मी एक जुना कीबोर्ड आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी सगळी बटणे एकाच सुरात वाजत. मग या घरातल्या खिडकीजवळच्या टेबलावर आलो. कॉलेजात जाणारी चिंगी माझ्यावर इतके भराभर टाइप करी की तिची आई म्हणे, पत्र्यावर गारा पडतायत की काय! मला ते कौतुकच वाटे.

एकदा चिंगीच्या हातून सरबताचा पेला माझ्यावर कलंडला. तिने मला वरवर पुसले आणि कोणाला काही सांगितले नाही. साखर आत झिरपली. उणे चिन्हाचे बटण तेव्हापासून अडू लागले. चिंगी ते सवयीने जोरात दाबी, त्यामुळे तिचे काही बिघडले नाही.

त्याच सुमारास तिचा मामा माझ्यासमोर बसू लागला. तो लिफ्ट दुरुस्त करी. शिड्या चढून चढून त्याचे गुडघे कुरकुरू लागले होते. सुपरवायझर झाला तर खाली उभ्याने काम होणार होते, पण त्यासाठी ऑनलाइन वर्गातली गणिताची परीक्षा पास व्हायला हवी होती. कागदावर अपूर्णांक एकाखाली एक मांडता येतो, इथे मधे तिरकी रेघ द्यायची. घात लिहायचा तर आधी टोपीसारखे चिन्ह. कंस राहिला की सगळेच मुसळ केरात. मामा चष्मा सावरून एकेक बटण शोधी. बारीक तारा जोडणारी त्याची बोटे मला अगदी अलगद स्पर्श करीत.

तिथेच खरा घात झाला. उणे सात लिहायला तो बटण दाबी आणि पडद्यावर नुसते सात उमटे. नजर माझ्यावर असल्याने त्याला ते कळत नसे. सरावाच्या उत्तरांवर लाल फुल्या पडू लागल्या. चिंगी संध्याकाळी येऊन निकाल पाही आणि वैतागे.

"मामा, परत चिन्ह विसरलास. किती वेळा सांगायचं?"

"दिलं होतं गं मी," मामा म्हणे. मग स्वतःशीच पुटपुटे, "नसेल दिलं. डोकं गंजलंय माझं."

दिले होते, मित्रांनो. त्याचे बोट माझ्यावर टेकले होते. पण मला वाचा कुठली? त्याची मेहनत माझ्यातच अडकून पडत होती आणि मी नुसता पडून होतो.

परीक्षेत मामा नापास झाला. हे आपल्याच्याने व्हायचे नाही, असे बहिणीला सांगून तो पुन्हा शिड्या चढू लागला. बहिणीने त्याची फार समजूत घातली, तेव्हा एका सुटीच्या दिवशी तो परत बसला. त्या दिवशी चिंगी पहिल्यांदाच त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मामाने बटण दाबले. चिन्ह आले नाही. तिने पुन्हा दाबायला सांगितले. तरी नाही. मग तिने स्वतः जोर लावला, आणि ते उमटले. तिचा हात तिथेच थांबला.

"मामा, यावर सरबत मी सांडलं होतं. चूक तुझी नव्हती."

मामा रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "म्हणजे मला येत होतं?"

"येत होतं," चिंगी म्हणाली, आणि तिला रडू फुटले.

तिने ते बटण उचकटून आतली साखर पुसून काढली. ऑनलाइन वर्गाच्या सरांनाही सगळे कळवले, पण परीक्षा पुढच्या सत्रातच होणार होती. मामा त्या वेळी चांगल्या गुणांनी पास झाला. मात्र मधल्या काळात शिड्या काही सुटल्या नव्हत्या, आणि त्याचा एक गुडघा कायमचा गेला. आता तो सुपरवायझर आहे, पण पाय ओढत चालतो. दाराशी ती पावले वाजली की चिंगीची बोटे माझ्यावर क्षणभर थबकतात.

मित्रांनो, आमच्यावर काही सांडले तर लपवू नका, आम्ही स्वच्छ होऊ शकतो. आणि कोणी "मी लिहिलं होतं" म्हणाला, तर त्याला विसरभोळा ठरवण्याआधी एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा.