रिकामीच आहे

शनिवारी सकाळी आठ वाजता टेक्सासातल्या फ्रिस्कोजवळच्या एका शूटिंग रेंजच्या वर्गात तेरा माणसं बसली होती. त्यांत साडी नेसलेल्या एकट्या सुलभाताई.

"सत्तरीनंतर बायका योगाच्या क्लासला जातात, आई," केदार गाडीत म्हणाला होता.

"तू जा योगाला. पिस्तूल तू आणणार, आणि दिवसभर त्याच्यासोबत घरात कोण? मी आणि तुझी अनया. मला नको कळायला?"

पुढच्या गल्लीतल्या एका देसी घरात महिन्यापूर्वी भरदिवसा चोरी झाली. देसी घरात सोनं असतं, हे इथल्या चोरांनाही पाठ झालेलं. तेव्हापासून केदारने हा ध्यास घेतला. पिस्तूल पसंत करून दुकानात बाजूला ठेवायला सांगितलं होतं. क्लास संपला की जाता जाता उचलायचं. सून देवयानीने हात वर केले होते, "तुम्हां मायलेकांमध्ये मी पडत नाही."

सुलभाताईंना शिकायचं नव्हतंच. संध्याकाळपर्यंत लेकाचं मन फिरवायचं होतं. पण कसं? सांगण्यासारखी एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती, आणि ती त्यांनी बासष्ट वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. त्यांनी पदर सारखा केला, पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली.

शिकवणारी डोना पोलिसातून निवृत्त झालेली, पांढऱ्या केसांची, खणखणीत आवाजाची. "पहिला नियम," ती म्हणाली, "प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं. नेहमी. मी रिकामी आहे म्हटलं तरी."

सगळ्यांनी लिहून घेतलं. सुलभाताईंचं पेन तसंच राहिलं.

जेवणाच्या सुट्टीपूर्वी डोनाने आपलं रिकामं पिस्तूल सगळ्यांना उघडून दाखवलं आणि एकेकाच्या हाती दिलं. सुलभाताईंच्या हातात आलं तेव्हा ते वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं. डोना परत घ्यायला हात पुढे करून उभी राहिली. पण सुलभाताईंनी ते टेबलावर ठेवलं, तोंड भिंतीकडे करून, आणि हात मागे घेतला.

"वा! हे कुणी शिकवलं तुम्हाला?" डोनाने विचारलं.

"आईने. सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. नाहीतर भांडण होतं."

वर्ग हसला. "तुमच्या आईला मी नोकरी दिली असती," डोना म्हणाली.

केदारही हसला. आई रुळली, असं त्याला वाटलं असावं. त्याने टेबलावरचं पिस्तूल उचललं आणि आईकडे वळला. "बघ, एवढीशी तर बंदूक आहे. घाबरतेस काय? रिकामीच आहे गं."

नळीचं काळं भोक सुलभाताईंच्या पोटाकडे वळलं.

"खाली!" डोना अशी ओरडली की मागची खुर्ची पडली. "भिंतीकडे! बोट चापाबाहेर!"

केदारचे कान लाल झाले. त्याने पिस्तूल ठेवून दिलं. "सॉरी," तो पुटपुटला. "सॉरी, आई."

त्या उठून बाहेर पार्किंगमध्ये गेल्या. उन्हाने गाड्या तापल्या होत्या. रेंजमधून बार ऐकू येत होते, आणि प्रत्येक बाराला त्यांचा खांदा उडत होता. केदार पाठोपाठ धावत आला.

"आई, खरंच रिकामी होती."

"मीही हेच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "हेच शब्द."

"कुणाला?"

"प्रल्हादला."

मग त्या न थांबता बोलत गेल्या, थांबलं तर पुन्हा बोलवणार नाही म्हणून. संगमेश्वरकडचं आजोळ. रानडुकरांसाठी मामाने ठेवलेली एकनळी बंदूक, माजघरात खुंटीला. श्रावणातली दुपार, मोठी माणसं निजलेली. त्या अकरा वर्षांच्या, धाकटा भाऊ प्रल्हाद सहाचा. त्यांनी खेळात बंदूक काढून त्याच्यावर रोखली; तो रडवेला झाला तेव्हा त्या म्हणाल्या, रिकामीच आहे रे. आणि चाप ओढला. टक् असा आवाज झाला.

"मग रिकामी होती ना?"

"तिन्हीसांजेला मामाने ती उघडली. आतून काडतूस निघालं. बुडाशी चाप ओढल्याची खोच पडलेली. 'पावसाने दमट झालं, फुसकं निघालं,' म्हणत त्याने ते गोठ्यामागे भिरकावलं. त्याला वाटलं, रानात त्यानेच चाप ओढला असेल."

केदारने मागे वळून रेंजच्या दाराकडे पाहिलं.

"मामाही रोज सांगायचा, मी रिकामी करूनच टांगतो. चांगला माणूस होता रे. तुझ्यासारखाच."

"प्रल्हादमामाला माहीत आहे?"

"नाही. भारतात असताना दर भाऊबीजेला सांगेन म्हणायचे. ताट हातात घेतलं की तो सहा वर्षांचाच दिसायचा."

उरलेल्या क्लासला दोघं थांबले. केदारचे नेम बरे लागले, तो पासही झाला. सुलभाताईंनी काचेपलीकडून पाहिलं, हातातल्या रुमालाची सुरळी करत.

परतताना दुकानाचा चौक आला तसा केदारने उजवा इंडिकेटर लावला. सिग्नल लाल होता. गाडीत टक् टक् टक् एवढाच आवाज. सुलभाताईंनी सीटची कड घट्ट धरली. नात अनया आता सहाचीच होती, हे त्यांनी मुद्दामच बोलून दाखवलं नव्हतं.

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला.

केदारने इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ घेतली.

"आधी घराला अलार्म बसवून घेतो," तो रस्त्याकडेच बघत म्हणाला. "आणि तुझं सोनं बँकेत ठेवू."

"ठेव," त्या म्हणाल्या. मग पर्समधला फोन काढून भारतात प्रल्हादकडे आता किती वाजले असतील याचा हिशोब करू लागल्या.