गालाला कोरडं लागेपर्यंत

बंदुकीच्या अक्रोडी दस्त्याला तेल तळहातानंच पाजायचं, असं बाबांनी शिकवलं. हात गरम होईपर्यंत घासायचं, लाकूड हवं तेवढं ओढून घेतं. उरलेलं पुसायचं आणि पुरतं वाळेपर्यंत दुसरा हात द्यायचा नाही. वाळलं की नाही हे बोटांना नीट कळत नाही. गाल टेकवून बघायचा.

बाबा गेले, त्यांचं बंदुकांचं दुकान दादाचं झालं आणि हे काम माझं. ठमी, माझी लेक, झोपली की मी मागच्या खोलीत दस्ता घेऊन बसते. मध्येच उठली तर तिला कोपरांत उचलते, तेलाचे पंजे बाजूला पसरून. आईला पंख फुटले असं वाटून ती खुदखुदते. पलीकडे दादा गिऱ्हाइकाला सांगत असतो, "सगळं हाताचं काम. माझ्या." भिंत पातळ आहे. सगळं ऐकू येतं.

यावेळचा दस्ता एका नेमबाज बाईंचा होता, जुन्या गिऱ्हाईक. शेवटचा हात अजून ओला होता. वर घरात ठमीला दूध पाजून तिला घेऊन खाली आले, तर दस्ता काचेसारखा चकाकत होता.

"हे काय केलंस?"

"व्हार्निश मारलं. बाई आज यायच्यात. तुझं तेल वाळेपर्यंत माझे केस पिकतील."

"खाली तेल ओलं आहे, दादा. आता हे चिकटच राहणार."

"तुझी पोर सांभाळ. मला शिकवू नकोस."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण ठमी कडेवर होती आणि बाई दारात होत्या.

बाईंनी दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. उचलताना गाल सुटेना. सुटला तेव्हा त्यांचे दोन केस व्हार्निशमध्येच राहिले.

"हे काय आहे?"

"बहिणीनं केलंय हो," दादा हसत म्हणाला. "लहान मूल आहे ना, लक्ष नसतं तिचं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं काम माझ्या नावावर लावलं.

मी ठमीला त्याच्या हातात दिलं. बाबांच्या खणातून लाकूड खरवडायचं पातं काढलं आणि त्या दोघांच्या समोरच दस्ता खरवडायला घेतला. व्हार्निश शेंबडासारखं गोळा होऊन निघायला लागलं.

"तमाशा करू नकोस," दादा दात आवळून पुटपुटला.

"तमाशा तू मांडलास. मी पुसतेय." मग बाईंकडे वळले. "तुमचा मागचा दस्ता मी केला होता. शाबासकी यानं घेतली. यातलं तेल माझं आहे, व्हार्निश याचं."

बाई गालावरचा चिकटा बोटानं काढत होत्या. दादाकडे न बघता त्यांनी विचारलं, "कधी येऊ मग?"

"उद्या संध्याका..." दादानं सुरुवात केली.

"उद्या नाही," मी म्हटलं. "माझ्या गालाला कोरडं लागेल तेव्हा. निरोप मी देईन."

"तुमच्याच निरोपाची वाट बघते," म्हणून त्या गेल्या.

ठमीनं भोकाड पसरलं. माझा जीव तिच्याकडे धावला, पण हात पात्यावरच राहिला.

"अगं, घे ना हिला. मला नाही जमत."

"खांद्यावर घे आणि पाठ थोपट," मी म्हटलं. "माझे हात तुझ्या व्हार्निशनं बरबटलेत."