बाबांच्या टाचा

बाबा दाराच्या चौकटीला पाठ घासत बसतात, असं अपेक्षाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्या पार्लरमध्ये एका नवरीच्या चेहऱ्याला लेप लावत होते. अपेक्षा माझी भावजय. माझ्या धाकट्या भावाचं, किशोरचं, अकोल्यात फुलांचं दुकान आहे आणि बाबा चार वर्षांपासून त्यांच्याजवळच राहतात.

"ताई, पाय तं पाहावतच नाही," ती म्हणाली. "टाचा अशा फाटल्या, का चादरीले रक्त लागून राहिलं. अंगाची खाज वेगळीच. दवाखान्यात चला म्हनलं तं म्हनतात, थंडीत असं होतच असते."

मी म्हटलं, काळजी करू नको, मी पाठवते काहीतरी. वीस वर्षं मी लोकांची कातडी पाहते आहे. तेलकट, कोरडी, हात लावला की लाल होणारी. पोरी दारातून आत आल्या की मला त्यांच्या गालावरून कळतं, घरी काय काय थापून आल्यात ते. शहात्तर वर्षांच्या माणसाची कोरडी कातडी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. मी कपाटातली सगळ्यात महागडी डबी काढली. गुलाबाच्या वासाचं क्रीम होतं ते. जन्मभर फुलं पिकवलेल्या माणसाला हा वास आवडेल, एवढाच विचार केला. सोबत टाचा घासायचं दाणेदार मलम घालून अकोल्याला पाठवलं आणि दिवसातून दोनदा चोळायला सांगितलं.

पाचव्या दिवशी किशोरचा फोन आला.

"दामिनीताई, बाबाच्या अंगावर लाल चट्टे आले. हात सुजले. तू ते काय पाठवलं होतं?"

मी दुपारच्या सगळ्या बायकांना फोन करून नाही म्हटलं आणि बस पकडली.

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली. वेचणीच्या बायकांनी डोक्याला, हातांना, तोंडाला फडकी बांधलेली, फक्त डोळे तेवढे उघडे. त्यांच्या बोटांची आत काय गत असेल ते मला माहीत होतं. आमची बोटंही तशीच असायची, फक्त कापसाऐवजी फुलांनी फाटलेली.

अंजनगाव सुर्जीच्या बाहेर आमचा मळा होता. शेवंती, झेंडू, गलांडा आणि विहिरीच्या बाजूला गुलाबाच्या चार ओळी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, मोठी बहीण चंदा बारा वर्षांची आणि किशोरचं तर अंगावरचं दूध नुकतंच सुटलेलं. नातेवाईक म्हणाले, नत्थुजी, दुसरं लग्न कर, लेकरांचं कोण करेल? बाबा म्हणाले, मी करीन. आणि त्यांनी खरोखरच केलं.

थंडीच्या दिवसांत पहाटे दंवात भिजत फुलं तोडायची. हात आधी बधिर व्हायचे आणि मग ऊन वर आलं की तडकायचे. फुलं बाजारात पोचवून बाबा परत यायचे, चुलीवर पाण्याचा गंज चढवायचे. पाणी कोमट झालं की उतरवायचे. आम्ही कितीही कुडकुडलो तरी कढत पाणी देत नसत. आंघोळ झाली की उन्हात बारदाना अंथरलेला असायचा. आम्ही तिघं त्यावर ओळीनं बसायचो आणि बाबा वाटीत तिळाचं तेल घेऊन यायचे.

"पुसू नोको पुरतं," ते मला म्हणायचे. "अंग ओलं आहे तवाच तेल लागते. सुकल्यावर नुसतं वर राहते."

माझी कातडी सगळ्यांत कोरडी. नडग्यांवर पांढरे खवले यायचे, माशासारखे. मला भरपूर तेल. चंदाचा चेहरा तेलकट, त्यावर पुटकुळ्या. तिच्या तोंडाला ते तेलाचं बोटही लागू द्यायचे नाहीत. "तू नुसतं पान्यानं धू अन् हात लावू नोको," एवढंच. चंदा रुसायची. तिला वाटायचं, दामिनीचे जास्त लाड होतात. किशोरला मात्र काही लावा न लावा, तो मातीत लोळून आला तरी त्याची कातडी नव्या मडक्यासारखी. बाबा हसायचे, "याले देवानं म्हशीची कातडी देली."

संध्याकाळी जेवणं झाल्यावर टाचांची पाळी. आमसुलाच्या तेलाचा पांढरा, कडक गोळा असायचा. तो दिव्यावर धरून विरघळवायचे आणि ते तेल थेंब थेंब आमच्या भेगांत सोडायचे. आधी आपल्या मनगटावर टाकून पाहायचे, फार गरम तर नाही ना. फुलं बांधून बांधून राठ झालेली त्यांची बोटं, पण टाचेला लागायची तेव्हा जाणवायचीही नाहीत. रस्त्यानं जाणारे आत डोकावून हसत. "नत्थुजी, लेकीचे पाय चोळतं का?" बाबा पुढचा पाय मांडीवर घ्यायचे.

मी बारा वर्षांची झाले त्या दिवाळीनंतर एकदा त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "आता तुहं तू लाव." ते उठून मळ्यात गेले. का ते समजायचं वय नव्हतं. मला फक्त एवढंच वाटलं की काहीतरी संपलं.

पुढे लग्न होऊन अमरावतीला आले, शिकून पार्लर काढलं, आणि बाबा पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "लोकायचे पाय धुतं तू? फुलं विकनाऱ्याची पोरगी तू, लोकायच्या पायापाशी बसतं?" अठरा वर्षं झाली, ते माझ्या घरी आले, पण माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

अकोल्याला पोचले तेव्हा बाबा ओट्यावर उन्हात बसले होते. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल, ताणलेली. मला पाहून त्यांनी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या.

"तू कावून आली? काही नाही झालं."

मी आणि किशोरने त्यांना स्कूटरवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भिंग लावून हात पाहिले, डबीचं झाकण उघडून वास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"हे कोणी दिलं तुम्हाला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मीच आनलं बजारातून. वास चांगला वाटला."

"आजोबा, तुमची कातडी आधीच सुकून फाटलेली. तिला असा वास सोसत नाही. आणि टाचांतून रक्त येतंय, त्यावर दाणेदार मलम घासलं? कोणी सांगितलं?"

"कोनी नाही बाई. माहंच डोकं."

डॉक्टरीणबाईंनी चट्ट्यांसाठी थोड्या दिवसांचं औषध दिलं, साखर तपासायला लावली. ती ठीक निघाली. मग म्हणाल्या, गरम पाण्याची आंघोळ बंद. कोमट पाणी, लवकर आटपायचं, साबण सगळीकडे नको. अंग टिपायचं, आणि ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मलम लावायचं. रात्री टाचांना मलम थापून सुती मोजे.

'ओलसर असतानाच' हे शब्द ऐकले आणि मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"बाबा, तुमीच तं शिकवलं होतं आमाले," घरी आल्यावर मी म्हटलं. "अन् सोता कढत पान्यानं आंघोळ करता?"

"म्हाताऱ्या अंगाले गरम पानी बरं वाटते, पोरी. अन् आता लावाले पाठीपर्यंत हात कुठे पुरते?"

एवढं साधं कारण होतं. अपेक्षा सून, तिच्याकडून पाठीला तेल लावून घ्यायचं नाही. किशोर दिवसभर दुकानात. मग राहिली चौकट.

मला रडू आलं. म्हटलं, "डॉक्टरीणबाईसमोर खोटं कावून बोलले? चूक माही होती. इतकी वर्सं हे काम करते, अन् बापाच्या अंगावर न पाहता थापाले लावलं."

बाबा ओट्याच्या फरशीवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुले गांधीलमाशी चावली होती, याद आहे?"

मला आठवत होतं. मी नऊ वर्षांची असेन. सबंध तोंड सुजून डोळे मिटले होते. बाबांनी सायकलच्या दांडीवर बसवून मला अंजनगावच्या दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून मी गुलाबाच्या ओळींत पाय ठेवला नव्हता. आजही कुठे गुणगुण ऐकली की माझा जीव घाबरतो.

"गांधीलमाशी नव्हती ते," बाबा म्हणाले. "शेजारची गोदाबाई म्हने, पोरगी काळवंडली, बेसनात निंबू पिळून लाव, उजळते. मी लावलं. तू रडली, आग होते म्हनून. मी म्हनलं, थांब जराशीक, गुन येऊन राहिला. धुतलं तं असं तोंड." त्यांनी दोन्ही हातांनी भोपळ्याएवढा गोल करून दाखवला. "दवाखान्यात मले लाज वाटली. बिनमायची पोरगी, अन् बापानं तोंड जाळलं, असं लोकं म्हनतीन. म्हनून म्हनलं, माशी चावली. तुलेबी तेच सांगत राहिलो, मंग तुलेबी तेच याद राहिलं."

"अन् मी बत्तीस वर्सं माश्याले भेऊन राहिली!"

मला एकदम हसू फुटलं, आणि ते रडण्यातच मिसळलं. बाबाही हसले, पण त्यांचे डोळे भरले होते.

"त्याच्यानंतर काहीबी आनलं, का आधी तुह्या कोपराच्या आत जरासंक लावून ठेवत होतो," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पाहत होतो, लाल झालं का. मंग बाकीचं."

ते लावणंही मला आठवलं. तो मला खेळ वाटायचा. पार्लरमध्ये नवी बाई आली की मी आजही तेच करते, आणि आजवर समजत होते की हे मी अमरावतीला पैसे भरून शिकले. फक्त बाबांच्या वेळी केलं नाही.

संध्याकाळी मी कोमट पाण्याचं घमेलं ओट्यावर आणलं, मलम घेतलं आणि खुर्चीत बसलेल्या बाबांसमोर खाली बसले.

"पाय द्या."

त्यांनी पाय धोतरात ओढून घेतले. "नाही. लेकीनं बापाच्या पायाले हात लावाचा नसते. पाप लागते मले."

"अन् तुमी माहे पाय धुतले तवा?"

"तू लेकरू होती."

"मी परक्यायचे पाय धुते, ते तुमाले खपत नाही. अन् तुमचे धुते म्हनलं तं तेबी खपत नाही. मंग मी करू काय, बाबा?"

अपेक्षा दारात उभी होती. ती हळूच आत गेली. मग बाबा खुर्चीवरून खाली उतरले. मला वाटलं, उठून जातात. पण ते माझ्यासमोर उकिडवे बसले, वाकले, आणि माझ्या दोन्ही पायांवर हात ठेवून ते हात कपाळाला लावले.

"आता पाप नाही," म्हणाले, आणि खुर्चीत बसून पाय पुढे केले.

मी टाचा पाहिल्या. उन्हाळ्यात तळं आटल्यावर जमीन उलते, तशा. मी पाणी सोडत गेले, टिपत गेले, मलम लावत गेले. मधेच एकदा त्यांनी डोळे मिटले. माझ्या लक्षात आलं की आई गेल्यापासून, म्हणजे चौतीस वर्षांत, या माणसाचे पाय दुसऱ्या कोणी हातात घेतले नव्हते.

मी आठ दिवस राहिले. पाठीला मलम लावायचं काम किशोरनं सकाळी दुकान उघडायच्या आधी अंगावर घेतलं. चट्टे आठवड्यात उतरले. टाचांना वेळ लागला. संक्रांतीच्या सुमारास अपेक्षाने फोन करून सांगितलं की बाबा चप्पल न घालता अंगणात फिरत होते आणि तिने त्यांना रागावून मोजे घालायला लावले. चंदाला सगळी हकीकत सांगितली, तर ती म्हणाली, "तुले माशी चावली म्हनून मले गुलाबाची फुलं तोडाले एकटीलेच जावं लागे. बाबाले सांग, माही मजुरी द्या म्हना."

फाल्गुनात बाबा अमरावतीला आले. दुपारी मी कामात होते. दार उघडलं आणि ते आत आले. दोघी-तिघी बायका बसल्या होत्या, त्या पदर सावरत सरकल्या. बाबा कोपऱ्यातल्या बाकावर टेकले. मी एका शिक्षिकेचे पाय पाण्यात घेऊन बसले होते. हात पाण्यातच ठेवून मी त्यांच्याकडे पाहत राहिले, आता काय म्हणतात म्हणून.

त्यांनी पंखा पाहिला, आरसे पाहिले, शेल्फवरच्या बाटल्या पाहिल्या. मग शेजारच्या बाईकडे वळून, तिनं काहीही विचारलेलं नसताना, ते म्हणाले, "माही लेक होय हे. मधली."